घरमालक अंगणात आहेत

धाकट्यांच्या घरातून आजवर काही चोरीला गेलं नव्हतं, आणि नेमकं हेच त्यांना खटकत होतं. चोर असता तर काहीतरी उचलून मोकळा झाला असता. इथला प्रकार वेगळा होता. पुढच्या अंगणातली कुंड्यांची रांग हलत होती. रोज नाही, फार नाही. पण आज दोन बोटं, परवा तीन, अशी ती रांग त्यांच्या घराकडे सरकत चालली होती. दुसऱ्या कुणाच्या हे ध्यानातही आलं नसतं. पण धाकट्यांची उभी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून झाली होती. पारड्याच्या तळाला चिकटवलेलं मेण आपल्याला रस्त्यावरूनच दिसायचं, असं ते स्वतः सांगत, आणि त्यांना खोटं पाडायला त्या काळातले दुकानदार आता कुठून आणायचे?

कुंड्या सरकणं ही साधी गोष्ट नव्हती, कारण ती रांग म्हणजे हद्द होती. वडील गेल्यावर मामांनी दोघा भावांच्या वाटण्या करून दिल्या. घरात मधोमध भिंत आली. अंगणात मात्र मामांनी भिंत घालू दिली नाही. "दारात भिंत दिसली तर मी पुन्हा इकडे फिरकणार नाही," ते म्हणाले होते. म्हणून तिथे धाकट्यांच्या कुंड्या लागल्या. अलीकडे धाकटे, पलीकडे थोरले. गल्लीत दोघांना याच नावांनी ओळखत. खरी नावं फक्त टपालावर उरली होती.

दोघे भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण होतं शिडी. वाटण्यांत कपाटं, पलंग, भांडी सगळ्यांचे दोन वाटे झाले. वडिलांची शिडी तेवढी एकच होती, ती थोरल्यांकडे राहिली. एकदा धाकटे ती उचलून घेऊन आले. थोरले म्हणाले, "न्यायच्या आधी विचारायचं तरी." धाकटे म्हणाले, "बाबांची शिडी आहे. त्यात विचारायचं काय?" दोघांचंही म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे माघार कुणीच घेतली नाही. त्यांच्या बायका मात्र मागच्या दारी मनसोक्त बोलत, आणि ते आपल्याला ठाऊक नाही असं दोघे भाऊ दाखवत.

कुंड्यांचा धाकट्यांना अभिमानही फार होता. त्यांनी ओसरीवर पत्र्याची शेड घातली तेव्हा लोक म्हणाले होते, झाडांना आता ऊन लागणार नाही, मरतील. मरायचं सोडून झाडं अशी फुलली की येणारे-जाणारे थांबून बघत. धाकटे त्यांना सांगत, "ऊनबिन सगळं थोतांड आहे. झाडांना शिस्त लागते."

"दोन बोटांनी आपलं असं काय जातंय, अहो?" बायको म्हणाली.

"आज दोन बोटं. उद्या ओसरी."

"मग भाऊजींना सरळ विचारा."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"म्हणून कॅमेरे लावायचे?"

"कॅमेरेही बोलत नाहीत," धाकटे म्हणाले. "म्हणूनच."

कॅमेरेवाला आला तो पिशवीभर सामान घेऊन, शिडी विसरून. धाकटे आत चार्जर शोधत होते, तेवढ्यात हा गडी शेजारचं दार वाजवून मोकळा झाला. धाकटे बाहेर येऊन बघतात तर कॅमेरेवाला वडिलांच्या शिडीवर चढलेला, आणि खाली थोरले दोन्ही हातांनी ती शिडी धरून उभे.

"घट्ट धरा हं काका," कॅमेरेवाला वरून म्हणाला.

"तू तुझं बघ. ही डावीकडे झुकते, मला माहीत आहे," थोरले म्हणाले. "हा कॅमेरा बघणार कुठे?"

"फाटकाकडे. चोराबिरासाठी."

"चांगलं केलं. इथे फाटक सताड उघडं टाकून जायची खोड आहे लोकांना." हे ते कॅमेरेवाल्याला म्हणाले, पण धाकट्यांना नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

धाकट्यांची भलतीच पंचाईत झाली. शिडी परत पाठवावी तर कॅमेरा एका स्क्रूवर लोंबकळतोय. ठेवून घ्यावी तर ती मागून घेतल्यासारखं होतंय. शेवटी ते पत्र्याच्या पन्हळीकडे टक लावून उभे राहिले. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्यानेच शिडी धरली आणि कॅमेरा बसला.

थोरले शिडी घेऊन गेल्यावर धाकटे दबक्या आवाजात म्हणाले, "फाटक राहू दे. कुंड्यांकडे वळव."

"त्याला वर चढायला नको, मोबाइलवरूनच फिरतो," कॅमेरेवाला म्हणाला, आणि त्याने तो फिरवला. मग त्याने अंगणात उभं करून धाकट्यांचा फोटो काढला, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, मग त्यांच्या बायकोचाही. "आता कॅमेरा तुम्हाला ओळखणार. तुम्ही दिसलात की मोबाइलवर येणार, घरमालक अंगणात आहेत. दुसरं कुणी दिसलं की येणार, अनोळखी व्यक्ती."

"सख्खा भाऊ असला तरी?"

"त्याला काय कळतंय, काका. फोटो भरला नाही तो अनोळखी."

धाकट्यांना हे फार आवडलं.

सकाळचा चहा झाला की धाकटे वाचनालयात जात आणि जेवायच्या वेळेला परतत. दोन-तीन दिवसांनी तिथे पेपर वाचत असताना खिशातला मोबाइल थरथरला. घरमालक अंगणात आहेत. धाकट्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा स्वतःकडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी कॅमेरेवाल्याला फोन लावला.

"नेट स्लो असेल," तो म्हणाला. "तुम्ही घरातून निघालात ते आत्ता कळवतोय."

"मला निघून तास झाला."

"होतं असं. तुमच्या स्वतःच्या सूचना बंदच करून टाका ना. तुम्ही कुठे आहात हे तुम्हाला कळून काय उपयोग?"

हे धाकट्यांना पटलं. त्यांनी त्या बंद केल्या आणि फक्त अनोळखी चालू ठेवल्या. मग अनोळखी माणसांची रीघ लागली. पेपर टाकणारा आला, शेजारचं मांजर आलं, वाऱ्याने फुगलेला स्वतःचाच वाळत घातलेला सदरा आला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली बायको तर तीन वेळा अनोळखी ठरली. थोरले मात्र एकदाही आले नाहीत. आणि कुंड्या सरकतच होत्या.

"पक्का आहे," धाकटे म्हणाले. "कॅमेरा चुकवून करतोय."

"मग सगळं रेकॉर्डिंग उघडून बघा ना. आहे ना सगळं त्यात?"

इथे धाकट्यांची नोकरी आडवी आली. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी जप्त केलेली वजनं एकदा एकट्यानेच उघडून पाहिली होती, आणि तेवढ्यावरून एक लबाड दुकानदार सहीसलामत सुटला होता. तेव्हापासून त्यांचा शिरस्ता ठरला होता: मोहोरबंद पुरावा पंचांसमोरच उघडायचा. तो नियम त्यांनी पुढे आंब्याच्या पेटीपासून लेकीच्या निकालापर्यंत सगळ्याला लावला होता.

"अहो, माझं ऐका, एकदा एकटेच बघा," बायको म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती, पण धाकट्यांना ती बेशिस्त वाटली.

"बघितलं की पुरावा बाद. मामांना बोलावतो. त्यालाही बसवतो आणि सगळ्यांदेखत टीव्हीवर लावतो. मामांनी डोळ्यांनी पाहिलं की तेच म्हणतील, घाल बाबा भिंत."

भिंतीचं सगळं ठरलेलं होतं. गवंडी बघून गेला होता, कुंड्यांच्या जागी विटा येणार होत्या. ते एकदा झालं की थोरल्यांचा चेहरासुद्धा दिसायचा नाही, हे धाकट्यांना कळत होतं. त्या विचाराने त्यांना बरं वाटत नव्हतं. पण बरं वाटत नाही म्हणून निरीक्षकाने कारवाई थांबवायची नसते.

रविवारी मामा आले. वय झालेलं, नजर अधू, पण आवाज अजून खणखणीत. थोरले आणि वहिनी भिंतीलगतच्या खुर्च्यांवर अंग चोरून बसले. चार वर्षांत थोरले या खोलीत प्रथमच आले होते, आणि उगाच पंख्याकडे बघत होते. धाकट्यांनी घसा साफ केला, कॅमेरा केव्हा बसवला हे सांगितलं, पुरावा आजवर कुणी पाहिलेला नाही हे दोनदा सांगितलं, आणि टीव्ही लावला. अनोळखीच्या रकान्यात मांजर होतं, सदरा होता. मामा कंटाळले. मग धाकट्यांनी सगळंच रेकॉर्डिंग उघडलं.

पडद्यावर अंगण आलं. सकाळचं ऊन थोरल्यांच्या बाजूला पसरलेलं, कुंड्या शेडच्या सावलीत. हात मागे बांधून एक माणूस आला. तेच रुंद कपाळ, तेच नाक, तीच मान पुढे काढून चालायची ढब. वर ठळक अक्षरं उमटली: घरमालक. त्याने एक कुंडी उचलली आणि पलीकडच्या उन्हात नेऊन ठेवली. मग दुसरी. मग तिसरी.

"अरे," मामा पुढे वाकून म्हणाले, "हा तर तूच."

धाकटे टीव्हीच्या जवळ सरकले. पडद्यावरचा माणूस प्रत्येक कुंडी उचलण्याआधी उजवा हात गुडघ्यावर दाबत होता. धाकट्यांचे गुडघे ठणठणीत होते. लहानपणी धाकट्यांचा पतंग काढायला वडिलांच्या त्याच शिडीवर चढून जो पडला होता, त्याचा तो गुडघा होता. पुढच्या तुकड्यात ऊन वर चढलेलं होतं. तो माणूस कुंड्या परत आणत होता. पिवळी पानं खुडत होता. आपल्या हद्दीत एकही कुंडी राहू नये म्हणून प्रत्येक कुंडी पायाने धाकट्यांच्या बाजूला ढकलत होता, जरा जास्तच, दोन-तीन बोटं. शेवटी त्याने पडद्याच्या कडेला दिसणाऱ्या फाटकाशी जाऊन सताड उघडं पडलेलं फाटक लावून घेतलं. असे तुकडे कितीतरी होते. सगळ्यांवर एकच नाव होतं.

झाडांना लागलेली शिस्त धाकट्यांना आता स्पष्ट दिसत होती. त्यांना इतकी लाज वाटली की टीव्ही बंद करायचंही सुचेना.

"म्हणजे रोज तू आपल्या कुंड्या याच्या अंगणात नेऊन ठेवतोस," मामांचा आवाज चढला, "आणि वर यालाच चोर ठरवतोस? आणि त्यासाठी मला इथवर बोलावलंस?"

बायकोने पदराआड तोंड लपवलं. ती रडते आहे की हसते आहे हे कुणालाच कळलं नाही. थोरल्यांनी चष्मा काढला होता आणि तो पुसता पुसता त्यांचे कान लाल झाले होते. लहानपणी धाकट्याचा अभ्यास गुपचूप पुरा करून देताना पकडले गेले होते, तेव्हाही ते असेच दिसले होते.

"मामा, तसं नाही," थोरले कसेबसे म्हणाले. "तो नाही तो. म्हणजे..."

धाकट्यांनी भावाकडे पाहिलं. आता एक वाक्य बोललं की त्यांची अब्रू वाचत होती. पण मग चार वर्षं चोरून केलेली ती माया मामांपुढे, बायकांपुढे उघडी पडली असती, आणि थोरल्यांना त्यापेक्षा चोर म्हणवून घेणं परवडलं असतं. शिवाय एकदा उघडी पडली की ती बंद झाली असती.

"मीच आहे मामा," धाकटे म्हणाले. "नाव लिहिलंय की वर."

उभ्या आयुष्यात धाकट्यांनी दिलेली ही पहिली खोटी साक्ष.

"माग दादाची माफी," मामा म्हणाले.

"चुकलो, दादा," धाकटे म्हणाले. चार वर्षांनी ते भावाशी बोलले ते एवढंच. ते खरं होतं.

थोरल्यांनी चष्मा घातला, मान हलवली आणि पुन्हा पंख्याकडे बघू लागले. भिंतीचा विषय मामांनी स्वतःच मिटवला. "असल्या माणसाला भिंत दिली तर तीही सरकवेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धाकटे वाचनालयात गेले नाहीत. चहा झाला तसे चपला घालून शेजारच्या दारात उभे राहिले. थोरले बाहेर आले. पाठीमागे ऊन नुकतंच अंगणात उतरत होतं.

"दादा, शिडी नेऊ का?" धाकट्यांनी विचारलं.

"कशाला?"

"कॅमेरा काढायचाय. नीट ओळखत नाही तो."

थोरले आत गेले, शिडी खांद्यावर घेऊन आले, आणि धाकट्यांच्या पत्र्याला टेकवून डावीकडून घट्ट धरून उभे राहिले.

"बाबांची शिडी आहे," ते म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"