खाटेखालचं गाणं

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत ताई अकरा वर्षं इस्त्रीच्या रुळावर कामाला होती. रूळ पलंगाएवढा लांब आणि कायम तापलेला. या बाजूनं ओली चादर सरकवायची, त्या बाजूनं करकरीत होऊन बाहेर येते. वाफेत सगळ्यांचे चेहरे सारखेच लाल दिसायचे, म्हणून भावाचं गाणं लागलं की ताईच्या चेहऱ्यावर काय होतं ते कोणाला कळायचं नाही.

"ताई, तुझ्या भावाचं लागलंय!" घड्या घालणारी मावशी ओरडायची आणि रेडिओचा आवाज वाढवायची.

पाठीवर माझ्या नळीनं गिरवली बाराखडी,
घरात नव्हतं कोणी माझं, मी एकटा घडोघडी.

बारक्याचं हे पहिलं मोठं गाणं. तीन वर्षांपूर्वी तो बस स्थानकाबाहेर पोरांच्या घोळक्यात उभा राहून रॅप करायचा. तिथं कोणीतरी त्याला फोनवर टिपलं, ते चार लोकांनी पुढं पाठवलं, चाराचे चार लाख झाले. आता भिंतीभिंतीवर त्याचे फोटो होते आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव होतं, बारक्या. ते नाव ताईनंच ठेवलेलं. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून.

नावाचं तिला काही वाटत नव्हतं. मोटारीचंही नाही, नव्या घराचंही नाही. त्यानं तिला तिकडं राहायला बोलावलं होतं, तीच गेली नव्हती. पण ते "कोणी नव्हतं" ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आई गेली तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि तो सात. बाप वेल्डिंग करायचा. काम सुटलं आणि त्याचा हात सुटला. हातात गॅसची रबरी नळी असायची. त्या नळीचे वळ ताईच्या पाठीवर होते. बारक्याला बापानं कधी बोटही लावलं नव्हतं.

मार तिनं खाल्ला आणि टाळ्या त्यानं घेतल्या. रुळाशी उभी राहून ती दिवसातून दहादा हेच घोळवायची. लोक त्याच्या गाण्यावर रडायचे, "काय सोसलंय हो पोरानं" म्हणायचे.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक बातमीदार बाई कॅमेरा घेऊन लाँड्रीत आली. बारक्यावर कार्यक्रम करत होती. ताईला खुर्चीवर बसवून तिनं मायेनं विचारलं, "लहानपणी फार मार खाल्ला ना त्यांनी?"

"त्यानं?" ताई हसली. "त्याला कशाला मारेल बाप? तो खाटेखाली असायचा. मार मी खायचे."

आणि पाठ फिरवून तिनं मानेवरचा पदर खाली केला.

दोन दिवसांत ते सगळीकडं पसरलं. लोक त्याला खोटारडा म्हणाले, बहिणीचे वळ विकणारा म्हणाले. त्याचे दोन जलसे रद्द झाले. मावशी रेडिओ बंद करून म्हणाली, "बरं झालं, तोंड उघडलंस." त्या दोन दिवसांत ताई पोटभर जेवली. खोटं कशाला, तिला झोपही छान लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारक्या लाँड्रीत आला. टोपी डोळ्यांवर ओढलेली, दाढी वाढलेली. वाळत घातलेल्या चादरींच्या मधे येऊन उभा राहिला.

"ताई, मला आधी बोलायचं होतंस."

"तू बोलला होतास? गाणं करताना?"

त्यानं टोपी काढली. मग म्हणाला, "तुझं म्हणून सांगितलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, तू कुठं होतास? काय सांगू? खाली लपलो होतो?"

"सात-आठ वर्षांचा होतास तू. मीच ढकलायचे तुला आत."

"हो. आणि म्हणायचीस, कानांत बोटं घाल आणि काहीतरी बडबडत राहा, म्हणजे ऐकू येणार नाही." त्यानं तोंड फिरवलं. "बडबडायचो. तरी ऐकू यायचं. अजूनही तेच करतोय."

ताईला हे आठवत नव्हतं. त्याला जवळ घ्यावं असं तिच्या मनात आलं, पण तोंडातून निघालं, "चादरींना टेकू नकोस. धुतलेल्या आहेत."

तो बाजूला सरकला. तिनं एक ओली चादर उचलली, परत ठेवली.

"खरं समोर यावं म्हणून नाही बोलले मी," ती म्हणाली. "तुझं चाललेलं बघवत नव्हतं मला."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"तू एकदाही म्हणाली नाहीस, गाणं चांगलं झालंय."

"चांगलं झालंय," ताई चिडून म्हणाली. "तेच तर दुखतंय. आता ऐक. माझ्या पाठीला हात लावायचा नाही, ती माझी. खाटेखालचं तुझं. ते सांग, हिंमत असेल तर."

दोन महिन्यांनी त्याचं नवं गाणं आलं. त्यात वळ नव्हते, नळी नव्हती. खाटेखालची फरशी होती, कानांत बोटं होती, आणि समोर बहिणीची दोन पावलं. पावलं मागं सरकत नाहीत, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. रुळाशी मावशी हमसून रडली. पहिल्या गाण्यापेक्षा हे गाणं दुप्पट चाललं. त्याला खोटारडा म्हणणारेच आता त्याला डोक्यावर घेऊन नाचू लागले.

ताईला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. पण त्याच्या वर पुन्हा तोच जुना जळफळाट. आपली पावलं हलत नव्हती हे तिला स्वतःला कधी कळलं नव्हतं. तिच्याच पायांचं हे त्याला बरं सापडलं!

संध्याकाळी घरी येऊन ती कागद-पेन घेऊन बसली. "त्या दिवशी" असं लिहिलं आणि पेन अडलं. खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा तिथंच अडलं. शेवटी तिनं फोन लावला.

"तुला कसं जमतं रे?"

"काय?"

"सांगायला. मला नाही जमत. मार मी खाल्ला आणि शब्द सगळे तुला मिळाले."

तिकडं दार लावल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "लिहू नकोस. मला सांग, येईल तसं."

"आणि तू गाण्यात घालशील."

"नाही घालणार."

तिचा पुरता विश्वास बसला नाही. तरी तिनं पाय वर घेतले, भिंतीला पाठ टेकली आणि सुरुवात केली. "त्या दिवशी बाबा घरी आले, तेव्हा मी तुझी वेणी घालत होते. मोठे केस होते तुझे, आठवतंय का?"

"नाही," तो म्हणाला. "सांग."