लुगड्यांची सडक

भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी कवठाळीच्या सडकेवर जेवढी माणसं उभी होती, तेवढी आता कवठाळी गावात उरली नव्हती.

फोनच्या तारा आधी तुंबल्या होत्या. लातुरातून, नांदेडातून, पार मुंबईहून जो तो एकाच वेळी विचारत होता, "जित्ते हाव का?" आणि त्या एका सवालाच्या ओझ्यानं कुणाचाच फोन लागत नव्हता. फोन लागेना म्हणून माणसं गाड्या काढून निघाली. कुणी भाकरी घेऊन, कुणी औषधं घेऊन, कुणी जुने कपडे घेऊन, कुणी नुसते डोळे घेऊन. एक सडक ती केवढी? जाणाऱ्या गाड्यांची रांग थांबली, तशी मागच्यांनी उजवीकडून गाड्या घातल्या. येणारी बाजूही जाणाऱ्यांनीच भरली. दोन्ही रांगांची तोंडं गावाकडं. गावातून बाहेर पडायला वाटच राहिली नाही.

त्या बंद वाटेसमोर मलप्पाचा ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत कडब्याच्या पेंढ्यांवर धम्मप्रिया निजली होती. दोन दिवस मातीच्या भिंतीखाली राहिलेली. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली काळानिळा पडत चालला होता. गावातल्या तंबूतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "दिवस मावळायच्या आत लातूरला न्या. पायाचं काय व्हायचं ते होईल, पण विष वर चढलं तर बाई हाती लागायची नाही." अँब्युलन्स मागवली होती. ती याच गर्दीत कुठंतरी मागं घंटा वाजवत अडकली होती.

धम्मप्रियाचं डोकं उमाकाकूंच्या मांडीवर होतं. उमाकाकू वरच्या आळीच्या, लिंगायताच्या. परवापर्यंत ही मांडी बुद्धवाड्यातल्या लेकीसाठी कधी पसरली नव्हती. आता आळीच राहिली नव्हती, तर वरची कुठली आणि खालची कुठली.

धम्मप्रियाची थोरली बहीण पंचशीला ट्रॉलीतून खाली उतरली आणि गाड्यांच्या समोर गेली. पहिल्याच पांढऱ्या मोटारीत पुऱ्यांचा वास होता. आतल्या बाईनं काच खाली केली.

"बाई, भूकंप अजून किती लांब आहे हो?"

"हितंच हाय," पंचशीला म्हणाली. "तुमच्या चाकाखाली."

काच वर गेली. उजव्या बाजूच्या रांगेच्या तोंडाशी, ट्रॅक्टरच्या अगदी नाकासमोर, एक ट्रक उभा होता. त्यावर कापडी फलक बांधलेला: लातुरातल्या कुठल्याशा ट्यूशनच्या विद्यार्थ्यांकडून मदत. वर गाठोड्यांच्या राशीवर बारावीची पोरंपोरी बसलेली. ड्रायव्हरशेजारी त्यांचे श्रीपाद सर. मोठ्या हॉलमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज.

"सर, ट्रक खाली उतरवा. माझी बहीण मरायलीय."

सरांना खरंच वाईट वाटलं. पण हात जोडून ते म्हणाले, "ताई, मी तरी काय करू? ही पुढची-मागची गर्दी बघा. लोकांना शिस्तच नाही."

"आन् तुमी कोण?"

"म्हणजे?"

"गर्दी हाय म्हणता. मंग तुमी त्या गर्दीत कोण? तुमचा ट्रक काय आभाळातून उतरला? आमी तर हिथंच व्हतो. गर्दी तुमी घेऊन आलाव."

वरच्या पोरांतून कुणीतरी हसलं.

ड्रायव्हर खिडकीतून वाकला. "बाई, काळं रान हाय. रातभर पाऊस पडलाय. भरला ट्रक खाली घातला, की आक्सलपतूर गेला. मंग तुमी बी बसा, आमी बी बसू."

त्याचं खोटं नव्हतं. सडकेच्या कडेची माती लोण्यासारखी झाली होती. मागच्या एकेका गाडीवाल्याची तीच बोली होती: उतरलो की रुतलो, आधी दुसऱ्यानं उतरावं.

ट्रॉलीतून उमाकाकूंनी आवाज दिला. "अरं, बैलगाड्या व्हत्या तवा माणसांना कळत व्हतं. भरल्या गाडीला रिकाम्या गाडीनं वाट द्यावी. कुणाला सांगावं लागत नव्हतं."

"आजी, आमची पण भरलेली आहे," श्रीपाद सर म्हणाले. "मदत आहे त्यात. रात्रंदिवस पोरांनी गोळा केली आहे."

पंचशीलानं वर बघितलं. ट्रॉलीत धम्मप्रिया कण्हत होती, आणि त्या कण्हण्यात मधूनच आईच्या जात्यावरच्या ओवीची चाल येत होती. पंचशीलाच्या ओठांवर त्या चालीवर नवेच शब्द आले. ती मोठ्यानं म्हणाली, गायली नाही, कुणाला तरी बजावावं तसं:

सडक डांबराची, किती गाड्या लागल्या,
जीव निघाला दवाखान्या, वाटा कुणी गं रोखल्या?

आणि ती ट्रकच्या चाकावर पाय देऊन वर चढली. गाठोडं उचललं आणि खाली चिखलात फेकलं. दुसरं फेकलं. गाठी सुटल्या. लोकरी कोट, लग्नातल्या जरीच्या साड्या, शाळेचे आखूड झालेले गणवेश, टिकल्या लावलेला एक नाचाचा घागरा.

"अहो! काय करताय?" सर खाली उडी मारून आले. "दान आहे ते लोकांचं!"

"दिलं ना दान? कुणाला दिलं?"

"तुम्हालाच."

"मंग आमचं झालं. आमच्या लुगड्यावर आमी चालू, न्हाई तर चाकं चालवू. गावात कापडाचे ढीग पडल्यात, सर. घालायला माणसं न्हाईत." ती ड्रायव्हरकडं वळली. "रिकामा झाला, की उतरंल का न्हाई?"

ड्रायव्हरनं खाली पसरलेल्या साड्यांकडं पाहिलं, मग आपल्या चाकाकडं. "हातरा चांगली. दुपदरी. मंग उतरंल."

सर काही बोलायच्या आत देविका नावाची एक मुलगी राशीवरून घसरत खाली आली. तिनं स्वतःच्या आईची निळी साडी ओळखली, क्षणभर हातात धरली आणि चाकापुढं चिखलावर अंथरली. मग पोरांची रांगच लागली. कुणी कोट टाकले, कुणी पायांनी दाबले. श्रीपाद सर मध्ये उभे होते. त्यांच्या बुटांभोवती कपडे पडत होते आणि त्यांच्या तोंडावर राग होता, लाज होती, काय काय होतं. मग एकाएकी ते खाली वाकले आणि एक सतरंजी ओढून चाकाखाली घातली.

ट्रक हलला. साड्या चर्र करत मातीत गेल्या, पण चाक वर राहिलं. ट्रक रानात उतरून उभा राहिला.

"आता मागची!" पंचशीला ओरडली. "एकेक. ह्याच कापडावरनं."

मागच्या जीपवाल्याला अजून खात्री वाटेना. त्याच्यापाशी श्रीपाद सर पोचले, आणि तो मोठ्या हॉलचा आवाज सडकेवर फुटला. "पहिल्यांदा उजवी रांग! हॉर्न नाही! पुढची उतरल्याशिवाय मागची हलणार नाही!" पोरं कपडे उचलून पुढं नेत, पुन्हा अंथरत. पुऱ्यांच्या मोटारीतली बाई डाव्या रांगेत होती. तिनं काच खाली केली आणि अंगावरची शाल देविकाकडं दिली.

येणारी वाट मोकळी होत गेली. मलप्पानं ट्रॅक्टर चालू केला. दणका बसला की धम्मप्रिया किंकाळी फोडायची, मग तो थांबायचा, मग तीच म्हणायची, "थांबू नगं." रानात उतरलेल्या गाड्यांच्या पल्याड अँब्युलन्सही कुठं दिसली, पण तिचं तोंड अजून गावाकडं होतं, आणि आता थांबायला वेळ नव्हता.

रांग संपायला आली तेवढ्यात समोरून पोलिसांची जीप आली. मोकळ्या दिसलेल्या बाजूनंच. हवालदारानं हात वर केला.

"ट्रॅक्टर बाजूला घ्या. मोठे साहेब पाहणीला येऊन राहिलेत. ही बाजू साहेबांसाठी ठेवायचा हुकूम आहे."

"ही बाजू साहेबांनी मोकळी केली का?" पंचशीला ट्रॅक्टरच्या पुढं येऊन उभी राहिली. मागून पोरं धावत आली आणि तिच्या दोन्ही अंगाला थांबली. चिखलानं कोपरापर्यंत माखलेली.

"बाई, समजून घ्या. माझी नोकरी आहे."

"माझी बहीण हाय."

हवालदार घुटमळला. तेव्हा ट्रॉलीतून आवाज आला. बारीक, कोरडा, पण प्रत्येक शब्द सुटा.

"हवालदारसाहेब, पाहणी करायला यायलेत ना? मंग मी हिथंच मरून पडू का? साहेबाला दाखवायला सोपं जाईल."

हवालदारानं ट्रॉलीकडं बघितलं. उमाकाकूंनी पायावरचं कापड उचललं आणि उचललेलंच धरलं. त्यानं मान वळवली. जीपच्या ड्रायव्हरजवळ काहीतरी पुटपुटला. जीप सडक सोडून चिखलात उतरली आणि तिथंच आक्सलपर्यंत रुतली. कुणीही तिच्याखाली साडी घातली नाही.

पुढची सडक रिकामी होती. मलप्पानं गिअर बदलला.

लातूरच्या दवाखान्याच्या आवारातही माणसांची दाटी होती. पण पंचशीलाचा अवतार आणि मागून मलप्पानं आणि दवाखान्यातल्या तिघांनी धरलेली धम्मप्रियाची खाट बघून लोक आपोआप भिंतीला टेकले. धम्मप्रियाला आत घेतलं तेव्हा आभाळात उजेड होता. दिवेलागणीनंतर डॉक्टर बाहेर आले. दमलेला, तरणा माणूस.

"पाय ठेवता आला नाही," ते म्हणाले. "पण बाई राहिली."

पंचशीला खाली बसली आणि पहिल्यांदा रडली. तीन दिवसांचं सगळं. उमाकाकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, काढला नाही.

सकाळी धम्मप्रियानं डोळे उघडले. पांघरुणाखाली जिथं पाय असायला हवा होता तिथं बराच वेळ बघितलं.

"गेला?"

"हाव."

"मी हाय?"

"तू हाईस."

"मंग हिथं बसून काय करायलीस?" धम्मप्रिया म्हणाली. "नरसिंगमामा अजून गावातल्या तंबूत हाय. त्याची कंबर मोडलीय."

पंचशीलानं उमाकाकूंकडं पाहिलं. "काकू, तुमी हिच्यापाशी ऱ्हावा."

"जा गं. हिला मी काय सोडते व्हय आता?"

बाहेर मलप्पा ट्रॉलीतला कडबा झटकत होता. लातूरच्या चौकातून गाड्या कवठाळीकडं वळत होत्या, कालच्यासारख्याच, एकामागं एक.

"आज बी तसंच हाय, ताई," तो म्हणाला.

"असू दे," पंचशीला म्हणाली आणि ट्रॉलीत चढली. "चल."