उभ्यानं ये, पण ये

हो, मीच बोलतोय, विमानाच्या पॉइंटचं भारी कार्ड. प्लॅस्टिकचा नाही हं, अख्खा धातूचा. टेबलावर टाकलंत तर खणकन वाजतो. त्या आवाजावरच आमचा चष्मेवाला भाळला.

बँकेतल्या बाईंनी त्याच्यापुढे आम्हा दोन कार्डांना ठेवलं होतं. माझा साधा भाऊ, त्याला वर्षाची फी नाही की मिरवणं नाही. आणि मी. फी दणदणीत, पण विमानतळावरच्या खास दालनात फुकट जेवण, शिवाय माझ्यावर खर्च करून पॉइंट साठले की विमानात पाय पसरून झोपायची जागा, तीही फुकट.

त्याला समुद्रापलीकडे ताईकडे जायचं होतं. आईच्या माघारी तिनंच त्याला वाढवलं, चष्म्याचं काम शिकायला धाडलं. आता तिचीच नजर अधू झाली होती. त्यानं तिच्यासाठी नवा चष्मा करून ठेवला होता, पण पोस्टानं पाठवायला तयार नव्हता. म्हणायचा, "मी स्वतः तिच्या नाकावर बसवून देणार."

"साधं घ्या हो," बायको म्हणाली. "गिऱ्हाइकाला रोज सांगता ना, दिसतं ते काचेतून, फ्रेममधून नाही?"

"पहिल्यांदा जातोय ताईकडे. ऐटीत जाऊ दे की."

साध्या जागेपुरते पॉइंट माझ्यावर वर्षभरातच जमले. त्यानं त्यांना हात लावला नाही. पुढच्या वर्षी झोपायच्या जागेला जास्त पॉइंट लागायला लागले, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. हा मात्र रोज फोनवर आकडा बघून खूश. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

दर रविवारी ताईचा फोन यायचा. "कधी येतोस?"

"थोडेच राहिलेत, ताई."

"अरे, उभ्यानं ये, पण ये."

मग एका मंगळवारी भाच्याचा फोन आला. "मामा, आईला दवाखान्यात नेलंय. लगेच निघा."

त्या दिवशी पॉइंटांवर एकही जागा नव्हती, भारी नाही नि साधीही नाही. दुप्पट भाडं माझ्यावरच घासून त्यानं शेवटच्या रांगेत, संडासाच्या दारापाशी जागा मिळवली. खास दालनात मी त्याला ऐटीत आत नेलं. पुढ्यात ताट भरलेलं होतं. त्यानं पाण्याचा घोटही घेतला नाही. चष्म्याची डबी हातात धरून बसून राहिला.

वरातीमागून घोडं. तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. भाचा म्हणाला, "शेवटी शेवटी तिला दिसतच नव्हतं. दारात पाऊल वाजलं की तुम्हीच आलात असं वाटायचं तिला."

तो घरी परतला त्याच दिवशी बँकेचा निरोप आला. त्या महागड्या तिकिटाचे पॉइंट मिळून आकडा पुरा झाला होता. 'अभिनंदन! कुठे जायचंय?'

त्यानं बायकोकडे कात्री मागितली. मी कसला कापला जातोय, कात्रीलाच खाच पडली. तेव्हापासून खणात पडून आहे, त्या चष्म्याच्या डबीशेजारी. काचा अजून कोऱ्या आहेत.

उद्या कुणी आम्हा दोघा भावांना तुमच्यापुढे ठेवलं, तर माझ्या खणखणाटावर जाऊ नका. तिकडे कोण वाट बघतंय ते आठवा. उभ्यानं जा, पण जा.