पुंडलिकने लावलेली आग

हुबळीत दुर्गदबैल बाजाराजवळच्या एका दुकानातून आग विझवायची सिलिंडरं विकता विकता पुंडलिकची बावीस वर्षं गेली होती, आणि एवढ्या वर्षांत त्याच्या एकाही गिऱ्हाइकाकडे आग लागली नव्हती. त्याला याचा अभिमान होता. मालकांचा मुलगा ओंकार बेंगळुरूला दोन दिवसांचं शिबिर करून आला, आणि तोच अभिमान त्याचा दोष ठरला.

"माहिती कुणी विकत घेत नाही. लोक गोष्ट विकत घेतात," ओंकारने सगळ्या विक्रेत्यांना समोर बसवून सांगितलं. "गोष्टीत एक माणूस हवा, त्याचं नुकसान हवं आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. पुंडलिककाका, तुमची गोष्ट काय?"

"मी दर सहा महिन्यांनी न बोलावता जातो. दाबाचा काटा हिरव्यात आहे का बघतो, पिन बघतो आणि येतो."

"मग?"

"मग काही होत नाही."

संतोष नावाचा नवा विक्रेता फिस्सकन हसला. ओंकारने पुंडलिकला सोमवारपर्यंतची मुदत दिली.

सोमवारी पुंडलिक धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीत इंदुमती अक्कांच्या खोक्यांच्या कारखान्यात गेला. पुठ्ठ्याचे ढीग छतापर्यंत, तरी अक्का तीन खेपा चहा पाजून 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाल्या होत्या. या वेळी त्याने चहा येण्याआधीच घसा खाकरला. त्याची बायको हिराबाई धारवाडात मळमड्डीतल्या घरी मागच्या खोलीत चकल्या, शेवया करून विकायची. त्या खोलीत कढईतल्या तेलाने जरासा पेट घेतला, एवढंच सांगायचं त्याच्या मनात होतं. पण अक्कांनी हातातला पेन खाली ठेवला, आणि पुंडलिकची जीभ सुटली. कढईवरून आग पडद्यावर गेली, पडद्यावरून फळीवर. दार अडकलं. हिराबाई बाहेर आली तेव्हा तिचे केस होरपळले होते आणि हातात फक्त लाटणं उरलं होतं.

"घरात एक सिलिंडर असतं तर, अक्का..." म्हणताना त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. घरात तीन होती.

अक्कांनी पदराने डोळे टिपले. "काय सांगू, अण्णा, आमचंही तसंच. आमचे हे सहा महिने अंथरुणावर आहेत. सगळं मी एकटीच ओढते. तुम्ही जरा समजून घ्या."

पुंडलिकला ते ऐकवेना. त्याच्या हातात होती तेवढी सवलत त्याने दिली आणि ओंकारला फोन करून आणखी मागून घेतली. चाळीस सिलिंडरांची ऑर्डर झाली. दुकानात त्या दिवशी टाळ्या वाजल्या. संतोषने गोष्ट वहीत उतरवून घेतली.

गुरुवारी अक्कांच्या कारखान्यातल्या, मळमड्डीतच राहणाऱ्या दोन बायका दोन जुन्या साड्या आणि एक शेगडी घेऊन हिराबाईच्या दारात उभ्या राहिल्या. हिराबाई चकल्या तळत होती.

"केस लवकर आले की हो, हिराबाई," एक जण कौतुकाने म्हणाली.

हिराबाईला काहीच उमगेना. तासाभराने नवनगरच्या प्रिया या गिऱ्हाइकाचा फोन आला; आगीची बातमी तिथवर पोचली होती. तिच्या बहिणीच्या लग्नाच्या शेवया हिराबाईकडे सांगितल्या होत्या. "तुमच्यावर एवढं संकट, आणि आम्ही कुठे शेवया मागायच्या! दुसरीकडे सांगितलंय. तुम्ही विश्रांती घ्या."

संध्याकाळी पुंडलिक घरी आला तो हिराबाई दारातच.

"माझे केस जाळलेत?"

"थोडेच," पुंडलिक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मांडीवर चकल्यांचा डबा घेऊन त्याच्या स्कूटरवर मागे बसली. बेलूरला कारखान्याच्या फाटकात एक गृहस्थ सायकलवरून उतरत होते. पायांत खेळाचे बूट, पाठीला बॅडमिंटनची रॅकेट.

"बर्री, बर्री, या आत. इंदुमतीकडे आलात का? मी तिचा नवरा."

"पण तुम्ही अंथरुणावर ना?" पुंडलिकच्या तोंडून निघून गेलं.

"रोज सकाळी उठतो की त्यावरून!"

आत अक्कांनी आधी नवऱ्याकडे, मग हिराबाईच्या गुडघ्यापर्यंतच्या वेणीकडे पाहिलं.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "मीही एका शिबिराला गेले होते. खरेदी करणाऱ्यांचं."

पुंडलिक हसला, अक्काही हसल्या, नवरा काही न कळता हसला. हिराबाई हसली नाही. "तुम्हा दोघांच्या गोष्टींत काम गेलं ते माझं," म्हणत तिने टेबलावर डबा उघडला.

अक्कांनी डब्यात डोकावलं. "ह्याची काय गोष्ट?"

"गोष्ट नाही, चकली आहे. खा."

अक्कांनी एक खाल्ली, दुसरी उचलली. नवऱ्याने चौथी संपवली. साठ कामगारांच्या दिवाळीच्या फराळाचं बोलणं निघालं, तशा अक्का सवयीने सुरू झाल्या, "आमच्याकडे सध्या जरा..."

"भाव एकच," हिराबाई म्हणाली.

परतल्यावर पुंडलिकने ओंकारला सगळं खरं सांगितलं. नोकरी जाईल, अशी त्याने मनाची तयारी केली होती. ओंकारने मात्र उठून आधी केबिनचं दार लावलं.

"काका, हे कुणाला बोलू नका. काल संतोषने गदगच्या एका मंगल कार्यालयात तीच गोष्ट सांगितली. ट्रस्टी रडले. फक्त त्याच्या गोष्टीत काकू वाचत नाहीत."

पुंडलिकने त्याच दिवशी विक्री सोडून दुरुस्तीचं काम मागून घेतलं. फिरायचं, काटा बघायचा, पिन बघायची. कुणाला काही सांगायचं नाही. फार दिवसांनी त्याला हलकं वाटलं.

संतोषचं मात्र हिराबाईपासून लपवणं त्याला जमलं नाही. ती झारा घेऊन कढईपुढे बसली होती.

"गदगला मेले मी?" तिने विचारलं.

"हो."

तिने झाऱ्यातलं तेल निथळू दिलं.

"मेले तर मेले. गदगला माझं गिऱ्हाईक नाही," ती म्हणाली आणि तेलातल्या चकल्या उलटायला लागली.