उघाडीच्या फळीनं ऐकलेली ओ

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो, आणि सध्या बाणाच्या नोकरीवर आहे. पेणजवळ खाडीच्या बांधावर एका खांबाला मला ठोकलं आहे. मला एक डोळा आहे. फळीला डोळा कसा, याचा खुलासा पुढे येईलच. तोंड मात्र नाही. तेव्हा मी हे तुम्हाला नेमकं कशानं सांगते आहे, याचा फार विचार करू नका. मीही करत नाही.

माझा जन्म रोह्याच्या वरच्या रानातला. मी ऐनाच्या झाडात होते. तिथे मुंग्या होत्या, एक घार होती, आणि वारा आला की हलायचं एवढंच काम होतं. मग कुऱ्हाड आली. मला कापून, तासून बैलगाडीतून खारेपाटात आणलं. घार थोडं अंतर सोबत आली आणि मग तिला दुसरं काम आठवलं.

खारेपाटातली जमीन म्हणजे समुद्राच्या ताटातून अलगद ओढून घेतलेला घास. मध्ये मातीचा लांबच लांब बांध. बांधाच्या बाहेर खाडी, आत भात. या बांधात एक दगडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला दाराची फळी वर ओढायची, म्हणजे शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत जातं. भरती लागली की फळी खाली सोडायची, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. भालखार गावच्या उघाडीची ती फळी मी होते. माझ्यामागे सगळ्या गावाचा भात उभा असायचा. एवढा मान पुढे कधी मिळाला नाही.

उघाडी सांभाळायचा पुंडलिक. तेव्हा तो तरणा होता आणि त्याचे दोन नियम होते. पहिला माझ्या बाबतीतला. मला धुवायला काढलं, डागडुजी केली, तरी परत बसवताना माझी बाजू बदलायची नाही. समुद्राची बाजू समुद्राकडे, भाताची भाताकडे. तो म्हणायचा, "जी बाजू खारं पिऊन टणक झाली, तिलाच खारं दाखवायचं. गोडी बाजू फिरवली का फळी कुजली."

दुसरा नियम गावचा होता. भरतीच्या आधी बायामाणसं बाहेरच्या चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणि निवट्या मासे पकडत असायची. म्हणून मला खाली सोडण्याआधी पुंडलिक बांधावर उभा राहून ओरडायचा, "भायेर कोण हाय?"

जो बाहेर असेल त्यानं नाव सांगून ओ द्यायची. "मी हाय, शकू." "मी हाय, केरू." ज्याची ओ त्यानंच द्यायची, दुसऱ्यानं नाही. ओ आली की ते माणूस दारातून आत येईपर्यंत मला वरच धरायचं. ओ नाही आली तर सोडायचं. एवढा सोपा नियम असल्यामुळे तो कुणी कधी मोडला नाही.

मग एक उधाणाची भरती आली. तेव्हा मला डोळा नव्हता, फक्त ऐकू यायचं. पुंडलिकनं हाक दिली, "भायेर कोण हाय?"

चिखलातून ओ आली, "मी हाय, जनी."

जनी म्हणजे त्याची बायको. नवी नवरी. पुंडलिकनं मला वर धरून ठेवलं. पाणी चढू लागलं. त्यानं परत हाक दिली, परत तीच ओ आली, आहे तिथूनच. पाणी दारातून आत घुसलं. गावातून लोक ओरडत आले, "सोड फळी, सोड!" तो म्हणाला, "जनी भायेर हाय." ते म्हणाले, "खुळ्या, जनी घरात बोंबील भाजतेय."

आणि ती खरंच घरात बोंबील भाजत होती. निघणार होती चिंबोऱ्यांना, पण अंगात कणकण होती म्हणून गेली नव्हती.

पुंडलिकनं मला सोडलं तोवर उशीर झाला होता. उघाडीच्या बाजूनं बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला. एका भरतीत शेतं खारी झाली. पुढच्या पावसापर्यंत खळ्यात तिवरं उगवली. गाव उठून वरच्या वाडीत गेलं. भालखारची घरं अजून पाण्यात उभी आहेत, छपराशिवाय. तिथे आता खंड्या पक्षी राहतात, आणि त्यांची घरपट्टीची काही तक्रार नाही.

गाव पुंडलिकला म्हणू लागलं, "भुताची वाट बघत बसला आन् गाव बुडवला." तो फक्त म्हणायचा, "मी ऐकलं." मीही ऐकलं होतं, मित्रांनो. पण फळीची साक्ष कोण घेतो?

पुढची वर्षं माझी उपेक्षेची. चिखलातून काढून पुंडलिकनं मला घरी नेलं. मी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झाले, मग कपडे आपटायची फळी, मग टीव्हीखालची. टीव्हीखाली असताना मी बऱ्याच मालिका ऐकल्या. त्यात माणसं हाकेला ओ देत नाहीत, नुसत्या विजा कडाडतात.

पुंडलिक मात्र अजूनही रोज भरतीला बांधावर जायचा. दार नाही, गाव नाही, तरी हाक द्यायचा. ओ येत नसे. मग घरी येऊन चहा प्यायचा. जनी कपात ओतताना विचारायची, "आली का मी?"

त्यांचा नातू साहिल पेणला गणपतीच्या कारखान्यात काम करतो. तो फक्त डोळ्यांची आखणी करतो. एकदा तो मोबाइल घेऊन आजीजवळ बसला. "आजी, हे बघ. वेल्स म्हणून देश हाय. तिथं समुद्राच्या कडेकडेनं वाट हाय. लोक आपल्या आपण दिवसच्या दिवस चालतात. वाटाड्या नाय, कोण नाय. फक्त बाणाच्या पाट्या. बॅग गाडीनं पुढच्या मुक्कामाला जाते."

"पैसे देऊन चालतात?"

"व्हय."

"आन् पोचल्यावर?"

"जेवतात, झोपतात, परत चालतात."

जनीनं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग म्हणाली, "आपल्याकडं पण हाय तो बांध. चालू दे त्यांना. बॅगेला जेवाण लागतं का?"

अशी आमची सहल सुरू झाली. वडखळजवळून निघायचं, शेतातून बांधावर चढायचं, बाण बघत वरच्या वाडीला यायचं आणि जनीच्या हातचं जेवायचं. बाण कशावर काढायचा म्हणून साहिलनं घर धुंडाळलं आणि टीव्हीखालून मला काढलं. टीव्ही तेव्हापासून तांदळाच्या पिंपावर आहे.

माझ्या एका बाजूला कोंबड्यांच्या खुणा आणि खिळ्यांची भोकं होती. दुसरी, समुद्राची बाजू, गुळगुळीत आणि रुपेरी झालेली. साहिलनं त्याच बाजूवर गणपतीच्या पितांबराच्या उरलेल्या पिवळ्या रंगानं बाण काढला. मग जरा मागे सरून बघितलं, बाण त्याला अपुरा वाटला असावा, आणि सवयीनं हात गेला. त्यानं बाणाच्या टोकाशी एक डोळा आखला. बुबुळ, पापणी, सगळं. त्या क्षणी मला दिसायला लागलं. मी आयुष्यात पहिली गोष्ट पाहिली ती म्हणजे साहिलच्या नाकावरचा पिवळा ठिपका.

माघी गणपतीची घाई होती, म्हणून तो कारखान्यात परतला. जाताना सांगून गेला, "आजा, पायऱ्या चढून आल्यावर जिथं उजवी-डावी वाट फुटते, तिथं ही ठोक."

पुंडलिकनं खांब पुरला आणि मला ठोकलं. अर्थातच समुद्राची बाजू समुद्राकडे करून.

मित्रांनो, एक कागद घ्या, त्यावर डावीकडे जाणारा बाण काढा आणि कागद तसाच फिरवून समोरच्याला दाखवा. बाण उलट्या दिशेला जातो. माझं तेच झालं. शेतातून चढून येणाऱ्याला माझी कोरी पाठ दिसणार. तो वळसा घालून पुढे येणार, तेव्हा माझा बाण वरच्या वाडीच्या बरोबर उलट दिशेला, बुडालेल्या भालखारकडे रोखलेला. आणि वर डोळा आखलेला असल्यामुळे फार खात्रीनं रोखलेला. मला ओरडून सांगायचं होतं. पण डोळ्यानं ओरडता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

पहिली पाहुणी आली ती पौर्णिमेच्या दिवशी. तिचं नाव सुरभी. नाशिकची, बँकेतली, पाठीवर पाण्याची बाटली. तिची बॅग सकाळीच टेम्पोनं वाडीत पोचली होती. सुरभी पायऱ्या चढून आली, माझ्या भोवती फिरली, माझ्या डोळ्याकडे बघून म्हणाली, "बापरे, किती गोड," आणि बुडालेल्या गावाकडे चालू लागली.

ओहोटी होती. बांध फुटला आहे तिथला चिखल उघडा होता आणि दगड वर आले होते. दगडांवरून ती पलीकडे गेली आणि जुन्या उघाडीच्या चौथऱ्यावर बसून फोटो काढू लागली. मग भरती लागली. पौर्णिमेची भरती बोलावल्यासारखी येते. खांडीतले दगड बुडाले. सुरभी उठली, पुढे गेली, मागे आली. तिचा फोन चिखलात पडला. तिच्या दोन्ही बाजूंना पाणी, आणि उधाणात तो चौथराही बुडतो. हे मला माहीत होतं. मी त्याच चौथऱ्यातली.

तिन्हीसांजेला साहिल मोटरसायकलवरून पायऱ्यांशी आला. मागे जनी बसली होती, हातात बॅटरी.

"वाडीच्या बाजूचा सगळा बांध बघितला," तो म्हणाला. "नाय कुठं. फोन लागत नाय. कंटाळली असंल न् रिक्षा करून वडखळला गेली असंल. मी तिकडं जातो."

"बॅग टाकून?" जनी म्हणाली. "ती बॅग माझ्या पलंगावर हाय. मी खालती झोपू काय?"

तेवढ्यात माझ्याजवळून पुंडलिकची रोजची हाक गेली. "भायेर कोण हाय?"

वारा थांबला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ओ आली. "मी हाय, सुरभी."

साहिल आणि जनी अजून पायऱ्यांच्या तळाशी होते, त्यांना ऐकू गेलं नाही. पुंडलिक घाईनं खाली उतरला. "बाई हाय भायेर. उघाडीवर. होडी सोड."

साहिलनं डोळे मिटले. "आजा, आज नको. आत्ता तिला शोधायचं सोडून तुझ्या आवाजामागं होडी घालू? मागच्या येळेला काय झालं?"

"मागच्या येळेला मी फळी धरून उभा ऱ्हायलो. आज जातो."

"पाण्याची ओढ बघ. एकदा तिकडं गेलो तर वडखळला जायला येळ नाय उरणार."

"नाव सांगितलंन तिनं."

"काय?"

"सुरभी."

साहिलनं आजीकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

"मला कुठं म्हाईत? मी आपली पाहुणी पाहुणी करतेय सकाळधरनं."

नाव फक्त साहिलच्या फोनमध्ये होतं. तो बांधाला बांधलेल्या होडीकडे धावला. होडी सोडली, दोघं उधाणात शिरले. जनी माझ्या खांबाला धरून उभी राहिली. तिचा हात गार होता. माझ्या डोळ्यासमोर चौथरा हळूहळू बुडत होता आणि वर एक आकृती उभी होती, गुडघाभर पाण्यात.

होडी परत आली तेव्हा सुरभी तिच्यात होती, भिजून कुडकुडत. जनीनं आपला पदर तिच्याभोवती गुंडाळला. "बरं केलंस गो ओ दिलीस. नायतर हा वडखळला जात व्हता."

सुरभी म्हणाली, "मी नाही दिली."

जनीनं बॅटरी तिच्या चेहऱ्यावर धरली.

"मला हाक ऐकू आली," ती म्हणाली. "पण आई सांगायची, तिन्हीसांजेला अनोळखी हाकेला ओ देऊ नये, भूत असतं. मला वाटलं, हे आजोबा भूत आहेत. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. तेवढ्यात माझ्या शेजारून कोणीतरी ओ दिली. माझ्या नावानं. मी तिकडे बघितलं नाही."

ती खरं बोलत होती. मी एका डोळ्यानं बघते, पण तोंड दाबलेलं आणि उघडं यातला फरक एका डोळ्यालाही कळतो. शेजारी कोण होतं, ते विचारू नका. मला ते दिसलं, आणि साहिलनं माझ्या डोळ्याला पापणी मिटती काढलेली नाही.

पुंडलिक ओल्या पायरीवर बसला. "तवा मी खोटं नव्हतो बोलत," तो हळूच म्हणाला.

"नव्हतास," जनी म्हणाली. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बुडालेल्या गावाकडे बघत राहिली. "त्याच आवाजानं एकदा गाव घेतलंन. आता माणूस दिलंन. चल, चहा करते."

दुसऱ्या दिवशी साहिल मला फिरवायला आला. पुंडलिकनं फिरवू दिलं नाही, बाजू म्हणजे बाजू. शेवटी साहिलनं खाडीकडचा बाण पुसला आणि माझ्या पाठीवर, कोंबड्यांच्या खुणांवरच, वाडीकडचा नवा बाण काढला. डोळा मात्र पुसायचा त्याला धीर झाला नाही. म्हणून मी अजून समुद्राकडेच बघते.

सुरभी पुढच्या वर्षी परत येणार आहे म्हणते. पण जेवायला, चालायला नाही.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. वाटेवरची पाटी जुनी असली तरी तिला वर्षातून एकदा तेलाचा हात द्या, आणि ठोकताना ती कुठल्या बाजूनं बघते आहे ते पलीकडे जाऊन पाहा. आणि कधी आमच्या बांधावरून चाललात, भरती लागली, आणि म्हाताऱ्या आवाजात हाक आली, "भायेर कोण हाय?" तर घाबरू नका, तो आमचा पुंडलिक आहे. तुमच्या आईनं काहीही सांगितलेलं असो, लगेच ओ द्या. स्वतःच्या तोंडानं, स्वतःचं नाव सांगून.

तुम्ही नाही दिलीत, तर तुमच्या नावानं दुसरं कोणीतरी देतं.