बोलकी मुकी झाली तो दिवस

वरठीला स्टेशनाच्या तुमसरकडच्या बाजूला घरांची एक ओळ रुळांकडे पाठ करून बसली आहे. तिच्यातल्या शेवटच्या घरात बायजाबाई राहते. एकटीच. त्या दिवशी सकाळी तिने रोजच्यासारखा उशाजवळचा फोन चाचपला, काचेवर बोट टेकवलं आणि विचारलं, "बोल वं, किती वाजले?"

फोन बोलला नाही.

तिने पुन्हा बोट फिरवलं. वर, खाली, कडेकडेने. काही नाही. एरवी बोट टेकायचा अवकाश की आतून एका बाईचा आवाज वेळ सांगायचा, नाव सांगायचा, कुणाचा निरोप आला ते वाचून दाखवायचा. बायजाबाईने त्या आवाजाचं नाव ठेवलं होतं बोलकी.

काचबिंदूने तिचे डोळे गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. हयात बिड्या वळण्यात गेलेली. नजर गेली तरी बोटांनी दगा दिला नाही. चुलीपासून रांजणापर्यंत घरातली प्रत्येक वस्तू बोटांना पाठ होती. काचेपुढे मात्र बोटांचं काही चालेना. काच म्हणजे तलावातलं उभं पाणी, कुठंही हात लावा, सारखंच. म्हणून तिच्या मुलाने, संघपालने, फोनमध्ये ही बोलणारी बाई बसवून दिली. पहिल्या दिवशी बायजाबाईने तिला "जेवली का वं?" असं विचारलं होतं. पुढे तिला कळलं की ही बाई जेवत नाही, पण बॅटरी पंधरा टक्के म्हणून सांगते. तेव्हापासून बोलकी असं म्हणाली की बायजाबाई म्हणायची, "भूक लागली म्हन ना सरळ," आणि चार्जरची वायर लावून द्यायची. त्या घरात दिवसभरात होणारं बोलणं बहुतेक एवढंच.

आता बोलकी मुकी का झाली, हे जरा सावकाश समजून घ्यायला हवं. अशी बाई फोनमध्ये बसवायची तर तिला सगळीकडे फिरायची मुभा द्यावी लागते. पडद्यावर जे जे येईल ते तिला दिसतं. तशी ताकीद फोनने संघपालला आधीच दिली होती. घरभर कुणाला मोकळं फिरू द्यायचं तर निदान बाहेरच्या दाराला कुलूप पाहिजे, म्हणून त्याने चार आकड्यांचं कुलूप घातलं. आकडे बायजाबाईला पाठ होते, आणि बोट फिरवताना बोलकी एकेक आकडा सांगायची, त्यामुळे कुलूप सहज उघडायचं. पण आदल्या रात्री चार्जिंगला लावलेला फोन स्वतःच्या काही दुरुस्तीसाठी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. असा नव्याने उठलेला फोन आकडे मिळेपर्यंत सगळं कुलपाआड ठेवतो. माणसांची नावं, फोटो, आवाज, सगळं. संघपालने वेगळा उतरवून घेतलेला बोलकीचा मराठी आवाजही त्यातच अडकला. कुलूप उघडायला बोलकी हवी आणि बोलकी बाहेर यायला कुलूप उघडायला हवं. किल्ली आत, कुलूप बाहेर.

बायजाबाईला यातलं काही माहीत नव्हतं. तिने अंदाजाने काचेवर चार ठिकाणी बोट टेकलं. फोन हातात थरथरला. पुन्हा टेकलं, पुन्हा थरथरला. फार वेळा चुकलं तर फोन अडून बसतो, असं संघपालने सांगितलेलं तिला आठवलं आणि तिने हात आवरला.

दुसरा कुठला दिवस असता तर ती अशी घाबरली नसती. आदल्या संध्याकाळी संघपालचा फोन आला होता.

"माय, मले पुन्याहून राउरकेल्याले पाठवून राहिले. आज रातच्या गाडीनं निघतो."

"मंग घरी येशीन ना, बाबू?"

"उतरता नाही येत व माय. परवा सकाळी तिथं हजर व्हायचं हाय. पन गाडी उद्या दुपारी वरठीले थांबते दोन मिनिटं. नागपूर सुटलं का मी फोन करतो. तू फलाटावर ये."

"मले काय दिसते रे फलाटावर?"

"तुले नाही दिसत. मले त दिसशीन ना तू."

मागच्या उन्हाळ्यानंतर तो आला नव्हता. बायजाबाईने लगेच सगळं मनाशी ठरवलं. संघपालचा फोन आला की नाक्यावरच्या नत्थूला फोन लावायचा, तो ऑटो घेऊन येईल. शेजारच्या सुलोचनाबाईला मात्र या बेताचा भरवसा वाटत नव्हता. पहाटेच सगळा मोहल्ला शहापूरला लग्नाला निघणार होता.

"मी राहू का वं घरी?" सुलोचनाबाईने विचारलं होतं.

"जा ना वं तू. माह्यापाशी बोलकी आहे. बुंदी आनजो तेवढी माह्यासाठी."

"तुह्या बोलकीचं भलतंच कवतिक बाप्पा!"

आणि आता मोहल्ल्यात चिटपाखरू नव्हतं आणि बोलकीने तोंड मिटलं होतं.

बायजाबाईने आंघोळ केली. पेटीतून साडी काढली. संघपालने पुण्याहून एकाच पोताच्या दोन साड्या पाठवल्या होत्या, एक निळी आणि एक हिरवी. निळी उजवीकडे असायची. उजवीकडची काढून ती नेसली. निळा रंग त्याच्या आवडीचा. मग काठी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि हाका मारल्या. "सुलोचना वं! कोनी आहे का घरी?" कुठे तरी एक कोंबडी फडफडली. पुढे कारखान्याकडे जाणारा रस्ता, त्यावर लोखंडाचे ट्रक धडाडत चाललेले. नाका आणि स्टेशनाचं दार, दोन्ही त्या रस्त्यापलीकडे. एकटीने तो रस्ता ओलांडायची तिची हिंमत झाली नाही. ती परतली आणि फोन मांडीवर घेऊन मागच्या वाडीच्या दारात बसली.

दुपारी फोन वाजला.

तो संघपालचा नव्हता. संघपालचा फोन आला की त्याचाच आवाज वाजायचा, "माय, मी आहो, उचल." त्याने तो मुद्दाम भरून ठेवला होता. बाकी कुणाचा आला तर बोलकी नाव सांगायची. आज वाजली ती कुठली तरी गुळमुळीत सनई, ना नाव ना गाव. आणि अशा फोनबद्दल संघपालची सक्त ताकीद होती. सुलोचनाबाईच्या पुतण्याने, कैलाशने, अशाच एका अनोळखी फोनवर गोड बोलणाऱ्याचं ऐकलं होतं आणि त्याचं खातं धुवून निघालं होतं. तेव्हा संघपाल म्हणाला होता, "नाव समजल्याबिगर उचलायचाच नाही, माय. कितीही वाजू दे."

बायजाबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले. "वाज तू," ती फोनला म्हणाली. "मी काही कैलाश नाही."

सनई थांबली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली. पुन्हा थांबली. एक मालगाडी कडकडत गेली, तिच्या आवाजात कदाचित आणखी एकदा वाजून गेली असेल. बायजाबाई त्याची ताकीद पाळत होती आणि त्याच्याच फोनची वाट पाहत होती. नागपूर केव्हाच सुटलं असणार. मग हा पोरगा फोन का करत नाही? विसरला असेल. गाडीत डोळा लागला असेल. की फक्त माझं मन राखायला म्हणाला होता?

तेवढ्यात सनई वाजली आणि लगेच तुटली. दोनच घंट्या.

मग पुन्हा दोन घंट्या, आणि बंद.

बायजाबाई ताठ झाली.

संघपाल भंडाऱ्याला आयटीआयमध्ये शिकत होता, तेव्हाची गोष्ट. घरात साधा बटणांचा फोन होता आणि त्याच्या फोनमध्ये बॅलन्स कधीच नसायचा. बस मिळाली की तो घरी मिसकॉल द्यायचा. दोन घंट्या आणि बंद. म्हणजे निघालो, भात चढव. ती उचलायची नाही, उचलला तर पैसे कटायचे. दोन घंट्या ऐकल्या की तांदूळ धुवायला घ्यायची. मोठे फोन आले, फुकट बोलणं आलं, आणि ती रीत दोघंही विसरून गेली होती.

पुन्हा दोन घंट्या.

"चोर कायले मिसकॉल देईन?" बायजाबाई मोठ्याने म्हणाली.

पुढच्या वेळी सनई वाजली आणि या खेपेला वाजतच राहिली. बोलकीने शिकवल्याप्रमाणे तिने दोन बोटांनी दोनदा टकटक केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. सनई चालूच. बोलकी नाही तर बोलकीच्या रीतीही चालणार नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं. मग डोळे होते तेव्हा ती कसा उचलायची? हिरवं बटण असायचं खालच्या अंगाला. ते वर सरकवायचं. तिने अंगठा काचेच्या खाली टेकवला आणि बिडी वळताना पान पुढे लोटावं तसा वर लोटला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा सनई तुटली.

"माय! माय, आयकून राहिली का?"

"बाबू!"

"कवाचा फोन लावून राहिलो! सुलोचना मावशीही उचलत नाही. कुठं आहे तू? मी दारातच उभा आहो. फलाटावर पाहून राहिलो."

"घरी," ती म्हणाली. "फोन मुका झाला रे. मले नाव नाही समजलं."

"अरे… गाडी सुटून राहिली, माय. उतरू का?"

तिच्या ओठांवर होकार आला होता. तिने तो गिळला. "नको. नोकरी हाय. जा तू."

तेवढ्यात इंजिनाचा भोंगा वाजला. एका कानाला फोनमधून आणि दुसऱ्या कानाला पलीकडच्या हवेतून, एकच भोंगा दोन्हीकडून.

"माय, वाडीत जा! मागं! मी डब्याच्या घराकडच्या दाराशी येतो!"

ती उठली. काठी घ्यायचं राहिलं. कुंपणाची काटेरी डहाळी हाताला लागेपर्यंत ती गेली आणि थांबली. जमीन थरथरू लागली. तिने फोन कानाशी धरला आणि दुसरा हात जेवढा जाईल तेवढा वर केला. डबे एकामागून एक तिच्या तोंडावर वारा मारत जाऊ लागले.

"दिसली!" फोनमध्ये तो ओरडला. "दिसली माय! हिरव्या साडीत! हात हालव, हालव!"

तिने हात हलवला. मग गाडीच्या धडधडीत त्याचा आवाज तुटला, आणि थोड्या वेळाने गाडीही.

बायजाबाईचा हात हळूहळू खाली आला. हिरव्या साडीत, म्हणाला तो. ती तर निळी नेसली होती. ओळीत कुणी दुसरी बाई वाडीत उभी असेल? पण मोहल्ला तर लग्नाला गेला होता. रुळांपलीकडच्या बांदीत धान रोवणारी कुणी असेल. धावत्या गाडीतून काय कळतं? एखाद्या परक्या बाईला हात हलवून पोरगा समाधानाने गेला. किंवा कुणीच दिसलं नाही, आणि आईला बरं वाटावं म्हणून म्हणाला. तिने फोन लावून विचारावं म्हटलं तर काच पुन्हा मुकी. ती तिथंच वाडीत दगडावर बसून राहिली. ऊन उतरलं, चिमण्या गेल्या, आणि दिवसभर काही खाल्लं नाही याची तिला आठवणही झाली नाही.

दिवेलागणीला वऱ्हाडाची गाडी परतली. सुलोचनाबाई बुंदीची पुडी घेऊन थेट मागच्या दारातून आली. "भेटला का वं पोरगा? फोन पाह्यला मी आता, त्याचे केवढे कॉल! बँडमंदी काही आयकू नाही आलं बाप्पा."

बायजाबाईने फोन पुढे केला. "ह्याले आधी बोलतं कर. एक, नऊ, पाच, सहा."

आकडे दाबता दाबता सुलोचनाबाई हसू लागली. "अवं, दीक्षेचं साल! माह्याही फोनचं हेच. बाजूच्या धर्मेंद्रच्याही. आपल्या मोहल्ल्यात चोर शिरला त एकाच चावीनं सगळ्यायले नेईन."

कुलूप उघडलं आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात बोलकी म्हणाली, "संघपाल. मिस्ड कॉल. संघपाल. मिस्ड कॉल."

"आता सांगून राहिली," बायजाबाई म्हणाली.

"ते कुलूपच काढून टाकू का?"

"राहू दे. त्यानं लावलं आहे."

सुलोचनाबाईने तिला दंडाला धरून उठवलं. "आन हे काय वं? एवढी नवीन हिरवी साडी, अन् पदरभर कुसळं लावून घेतली?"

बायजाबाई जागच्या जागी थांबली. "कोनती?"

"हिरवी."

"निळी नेसली मी. उजव्या अंगाची."

"परवा मी पेटी झाडली ना, तवा ठेवताना उलटापालट झाली असन." सुलोचनाबाई ओशाळली. "काहून, काय झालं?"

"हिरवीच व्हय ना? उजेडात नीट पाह्य."

"हिरवीच व्हय वं. पोपटासारखी."

बायजाबाईने पदर पुढे ओढून मुठीत धरला. "मंग मीच होती," ती म्हणाली.

सुलोचनाबाईला काही कळलं नाही. बुंदी पाट्यावर ठेवून ती आपल्या घरी गेली. बोलकी म्हणाली, बॅटरी पंधरा टक्के. बायजाबाईने तिला वायर लावून दिली, आणि मग उंबऱ्यावर बसून पदराची कुसळं बोटांनी चाचपून एकेक काढू लागली.