अकरा दिवसांचे बुडबुडे

जावईबापूंचं वागणं मला मुळीच पटलेलं नाही. चूक केली त्यांनी आणि कागदावर ठपका ठेवला माझ्यावर. मित्रांनो, मी एक जुनी, चपट्या बुडाची होडी आहे. मला लिहिता येत नाही, म्हणून काय कुणीही माझ्याबद्दल वाटेल ते लिहावं?

माझा जन्म नदीकाठच्या दलदलीतला. मालकिणीच्या सासऱ्यांनी जाड फळ्या जोडून, फटींत डांबर भरून मला पाण्यात सोडलं. दलदलीत पाणी कमरेएवढं आणि खाली नुसता गाळ, म्हणून मला वल्ही नाहीत. लांब काठी गाळात रोवायची आणि रेटा द्यायचा. चाळीस वर्षं मी पाणकणसांचे भारे वाहिले. मालकीण ती कापायची, वाळवायची आणि त्यांच्या पातींच्या चटया विणायची. लेकीचं शिक्षण आणि लग्न तिने त्यावरच केलं. बढाई मारत नाही, आहे ते सांगते.

आता दलदलीचं काम ऐका, कारण ते कुणाला दिसत नाही. वरच्या शेतांतलं वाहून आलेलं खत आणि शहराचं सांडपाणी आधी तिच्याकडे येतं. त्यातलं नत्र आणि स्फुरद ती मुळांत, गाळात धरून ठेवते. नदीला मिळतं ते निवळलेलं पाणी. घरातली थोरली सगळ्यांची खरकटी काढते आणि धाकटी पाहुण्यांपुढे मिरवते, तसंच हे. गाळात कुजताना मिथेन तयार होतो, हवा तापवणारा वायू. होतो, मी नाही म्हणत नाही. पण तो हळूहळू सुटतो, आणि तुम्ही जितकं खत ओताल तितका जास्त सुटतो.

तो मोजायला पाणी तपासणीच्या कार्यालयातून जावईबापू आले. मालकिणीचेच जावई. पहिल्या दिवशी माझं काय ते कौतुक! "आई, ही होडी म्हणजे सोनं आहे सोनं," म्हणाले. माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पांढऱ्या रंगात क्रमांक घातला. मग पाण्यावर एक पारदर्शक भांडं पालथं घातलं. गाळातून येणारा वायू त्यात साठतो. तो सुईने ओढून बाटलीत भरायचा. सोपं काम, पण एक पथ्य आहे. काठी रोवली की गाळात अडकलेले बुडबुडे एकदम भसाभस वर येतात. म्हणून आधी होडी बांधायची, तासभर गप्प बसायचं आणि मगच भांडं पालथं घालायचं.

जावईबापूंना तासभर बसवेना.

"अहो, गाळ अजून खदखदतोय. जरा दम धरा की," मालकीण म्हणाली.

"आई, मला अजून तीन ठिकाणं उरकायचीत. तुम्ही काठी मारा, मोजायचं मी बघतो."

"बघा बाई. उतू जाणारं दूध मापायला घेतलंत तर शेराचं सव्वाशेर भरेल."

ते हसले. "आई, तुम्ही आपल्या चटया विणा."

अकरा दिवस हेच चाललं. अकरा दिवसांचे बुडबुडे अहवालात गेले, आणि त्या कागदावर दलदल ठरली नुसता वायू ओकणारी अवदसा. मोठ्या साहेबांनी हुकूम काढला. चर खणा, वरचं पाणी थेट नदीत सोडा, दलदल सुकवा.

चर खणला. खताचं पाणी सरळ नदीत घुसलं. पहिल्याच उन्हाळ्यात नदीवर शेवाळाची हिरवी साय धरली, मासे उलटे होऊन तरंगले, शहराच्या नळांना घाण वास सुटला. इकडे उघडा पडलेला गाळ भेगाळला, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या दाबून राहिलेला पालापाचोळा वायू होऊन उडू लागला. पाणकणसं करपली. मालकिणीचा विळा गंजला. मला चराच्या काठावर पालथं टाकलं. उन्हाने माझ्या फळ्या तडकल्या, पण वर्षभरात कुणी डांबराचा एक हात फिरवला नाही. मित्रांनो, राबणाऱ्याची काळजी घेता येत नसेल तर निदान त्याची बदनामी तरी करू नका.

काल जावईबापू परत आले, हातात कागद. नदी नासली म्हणून चौकशी लागली आहे. सगळी मोजणी खोटी ठरली तर साहेब चर बुजवणार, पाणी परत येणार. पण मग बापूंची नोकरी जाणार. म्हणून त्यांनी मधला मार्ग शोधला. 'एके दिवशी होडी जुनी व डुगडुगती असल्याने आणि चालवणाऱ्या बाईच्या हलगर्जीपणामुळे गाळ ढवळला गेला.' एकच दिवस! बाकीचे दहा दिवस खरे, आणि चर कायम.

मालकीण माझ्या पालथ्या बुडावर बसली होती. तिने तो कागद त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतला.

"आई, नुसता अंगठा द्या. तुमच्या लेकीच्या संसाराचा प्रश्न आहे."

लेकीचं नाव निघताच तिने कागद बाजूला सारला.

"जावईबापू, लेकीची चूल विझली तर ती माझ्या दारात येईल. ही नदी कुणाच्या दारात जाणार? अकराच्या अकरा दिवस मी थांबा म्हणत होते आणि तुम्ही थांबला नाहीत, असं लिहून आणा, अंगठा देते. ह्या कागदावर नाही. आणि माझीच चूक लिहायची असेल, तर लिहा की ह्या बाईने तुम्हाला लेक दिली. त्याच्याखाली आत्ता अंगठा उठवते."